तळीला पाचवा माणूस

भवानीमावशीला वृद्धाश्रमात टाकली, असं धारच्या तिच्या गल्लीत अजून बोलतात. बोलणाऱ्यांनी एकदा माझ्यासमोर येऊन बोलावं. तिला कोणी टाकलेली नाही. ती स्वतःच्या पायांनी गेली. म्हणजे दीड पायाने म्हणा, कारण डावा खुबा मोडला होता. आणि जाताना घरचे देव पदरात बांधून घेऊन गेली. सगळी भानगड झाली ती त्या देवांवरून.

ती माझ्या आईची थोरली बहीण. चौदाव्या वर्षी धारला मानाजींच्या घरात दिली. मानाजींचे वाडवडील दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आलेले, तंबू ठोकणारे. राज्यं गेली, तंबू राहिले. मानाजींनी त्या जुन्या कनाती लग्नाकार्याला भाड्याने द्यायला सुरुवात केली. कनाती फाटायच्या आणि शिवणारा म्हातारा तर मरून गेलेला. मावशीने दाभण हातात घेतलं. तळहातावर चामड्याचा तुकडा बांधायचा, सुतळीला मेण लावायचं आणि उभ्या पुरुषाला ओढता येणार नाही असं जाडं कापड मांडी घालून ओढायचं. चाळीस वर्षं तिने हे केलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाईमाणसाला शोभत नाही. मावशी म्हणायची, "मग मुलीच्या लग्नात पाहुणे उन्हात बसवा."

एकदा मांडूला कोणा साहेबाचा कँप होता. रात्रीच्या वाऱ्यात तंबू बसला. सकाळी साहेब मानाजींवर ओरडायला लागला आणि मानाजी खाली मान घालून उभे. मावशी मागे बैलगाडीत बसली होती. खाली उतरली, तंबूचं कापड उचलून साहेबाच्या पुढ्यात धरलं आणि म्हणाली, "साहेब, एक टाका उसवलेला दाखवा. खुंट्या तुमच्या शिपायांनी ठोकल्यात, त्यांना ओरडा." साहेबाने टाके पाहिले. मग शिपायांना ओरडला. ही गोष्ट तिने मला पन्नास वेळा तरी सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी साहेबाची मिशी थोडी वाढलेली असायची.

मूलबाळ झालं नाही. मानाजी सन एकोणनव्वदला गेले. मग लोखंडी पाइपांचे मंडप आले, रंगीत झिरमिळ्या आल्या, कनातींना कोणी विचारेना. मावशी ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या शिवून देऊ लागली. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात, शहात्तराव्या वर्षी, ताडपत्रीत पाय अडकून पडली आणि खुबा गेला.

इस्पितळात तिच्या खाटेशी आम्ही तिघं. मी देवासहून आलेली. तिच्या दिराचा मुलगा अंशुल आणि त्याची बायको रुची इंदूरहून आलेली. अंशुल वाईट माणूस नाही. औषधांच्या कंपनीत आहे, नीट वागतो, फक्त सगळं आधीच ठरवून येतो.

"काकू, आमच्याकडे चला. लिफ्ट है, बाथरूम में पकड़ने की रॉड लगवा दी है," तो म्हणाला. हिंदी शाळेतलं पोर, दोन वाक्यं मराठीत बोललं की तिसरं घसरायचंच. "देवांसाठी रुचीने काचेचं कपाटपण करून घेतलंय."

"काचेचं?" मावशी म्हणाली. "देव ठेवतेस की कपबश्या?"

रुची हसली. तिला मावशी आवडायची, हे खरं सांगायला पाहिजे.

"मग माझ्याकडे चल," मी म्हटलं.

"तुझ्याकडे? सकाळी तू पाण्याच्या मोर्च्यात, दुपारी कलेक्टरकडे, संध्याकाळी पोलीस ठाण्यात. तुझ्या खोलीची राखण करायला येऊ का मी?"

देवासमधल्या भोपाळ रोडवरच्या आश्रमाचं नाव मीच काढलं. तिथे नळजोडणीसाठी मी भांडले होते, त्यामुळे आतून पाहिलेला होता. म्हातारी माणसं दोन वेळ जेवत होती, डॉक्टर येत होता. बोलून गेले आणि जीभ चावली. पण मावशीने तेवढंच उचललं. "तिथे कोणाच्या घरात पाहुणी म्हणून तर राहायचं नाही ना? मग तिथेच."

"और देव?" अंशुल म्हणाला.

"देव माझ्याबरोबर."

आता हे देव म्हणजे काय ते सांगते. चांदीचे पाच टाक, हाताच्या बोटाएवढे, खंडोबा मधोमध. त्या घराण्याचा एक कायदा आहे, कुठल्या पुस्तकात नाही, पण पुस्तकातल्या कायद्यांपेक्षा पक्का. चंपाषष्ठीला तळी उचलायची. ताम्हणात पानसुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा ठेवायचा, पाच पुरुषांनी कडेला हात लावायचा आणि येळकोट करत ताम्हण तीनदा वर न्यायचं. ज्याच्या उंबऱ्यावर तळी उचलली त्याच्याकडे देव पुढचं वर्षभर बसलेले. दुसऱ्या कोणी न्यायचे नाहीत. आणि ज्या वर्षी तळी चुकली त्या वर्षी देव घराण्यातल्या पुढच्या घरी. देव गेले की ते घर त्यांच्या हिशेबी बुजलं.

मानाजींच्या मागे तेरा वर्षं मावशीने गल्लीतले पाच पुरुष बोलावून तळी उचलवली होती. विधवा बाईकडे देव कशाला, असं दिराने किती वेळा म्हटलं. तळी चुकली नाही, त्यामुळे त्याला काही करता आलं नाही. आता दीर गेला आणि तेच अंशुलच्या तोंडात आलं.

"आश्रम घर थोड़ी है, काकू. चंपाषष्ठीपर्यंत ठेवा. तिथे तळी झाली तर ठीक. नाहीतर मी घेऊन जाईन, मग मला काही बोलायचं नाही."

"झाली तर तूही बोलायचं नाही," मावशी म्हणाली.

आश्रमाच्या फॉर्मवर पालक म्हणून सासरचा पुरुष हवा होता. शहात्तर वर्षांच्या बाईला पालक! मी तिथेच आवाज चढवला. मावशीने काठीने माझ्या पावलावर टोचलं. "करू दे त्याला सही. सहीने काय मी त्याची होते?"

आश्रमात मी दर रविवारी जायची. व्यवस्थापक योगेंद्र, चाळिशीचा, कपाळाला गंध, गोड बोलणारा. आल्याबरोबर त्याने मावशीला "माताजी" म्हटलं.

"तुझी आई कोण, कुठे आहे?" मावशीने विचारलं.

"जी, शाजापुर में."

"मग तिला म्हण. मी भवानीबाई."

बायकांच्या दालनात आठ खाटा, मध्ये काही नाही. एकमेकींसमोर लुगडी बदलायची. आठ दिवस मावशी जेवली नाही धड. पोटात दुखतं म्हणायची. मला वाटलं, धारची आठवण येते. मी समजूत घालायला लागले तर म्हणाली, "आठवण कसली? मला उघड्यावर निजायची सवय नाही. माझं दाभण आण आणि गोदामात जुन्या कनाती आहेत त्या आण. सगळ्या."

तीन कनाती मी टेंपोत घालून आणल्या. तिने त्या कापल्या, कडा दुमडल्या, शिवल्या, आणि नारायणरावांकडून दोऱ्या बांधून घेतल्या. नारायणराव म्हणजे कोर्टातले निवृत्त कारकून, एका हाताला कंप, दुसरा पक्का. महिन्याभरात आठ खाटांच्या आठ खोल्या झाल्या. योगेंद्र आला, म्हणाला, "भवानीबाई, ट्रस्ट से पूछना पड़ता है." मावशीने पडद्याआडूनच उत्तर दिलं, "विचारा ना, भिया. तोवर मी लुगडं नेसते." त्यानंतर ती जेवायला लागली.

मार्गशीर्ष जवळ आला. तळीची परवानगी मागायला मावशी स्वतः काठी टेकत ऑफिसात गेली, मी बरोबर. नैवेद्याला बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, लसूण. चार महिने कांदा-वांगं बंद ठेवून त्या दिवशी देवाला दाखवायचं आणि मग खायचं. योगेंद्र ऐकत गेला तसा त्याचा चेहरा लांब होत गेला. संस्थेच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण वर्ज्य. आवारात आग पेटवायची नाही. गजर नाही, आजारी लोक आहेत. "बाकी आप शांति से पूजा कर लीजिए."

"बाकी राहिलं काय?" मी म्हटलं.

मावशी काही बोलायच्या आत मी टेबलावर हात आपटला. धर्मस्वातंत्र्य, घटना, कलमं, सगळं ऐकवलं. घरी येऊन दोन पानी नोटीस लिहिली, ट्रस्टच्या अध्यक्षांना पाठवली, एक प्रत पेपरात. शेवटी लिहिलं की चंपाषष्ठीला पाच कार्यकर्त्यांसह येऊन तळी उचलू, अडवून दाखवा.

आठ दिवसांत उत्तर आलं. बाहेरच्या व्यक्तींना त्या दिवशी प्रवेश नाही, पालक सोडून. एका नातेवाइकाला परवानगी. पालकांना कळवण्यात आलं आहे. आणि सगळ्यांत वरची कडी, रहिवाशांसाठी त्याच दिवशी नेमावरला नर्मदास्नानाची मोफत सहल. चालणारे सगळे पुरुष बसमध्ये.

मी पत्र वाचून दाखवलं. मावशी दाभणाला मेण लावत होती.

"कोणी सांगितलं होतं तुला पत्र लिहायला?"

"तो नाही म्हणाला होता!"

"तो नाही म्हणाला आणि मी उठून येणार होते. बारा पुरुष आहेत या घरात, त्यातले पाच मी महिनाभर सुपारी खाऊ घालून तयार केले होते. त्याला कळायच्या आत ताम्हण वर गेलं असतं. तू आधी बोंब मारलीस. आता त्याने माझे पुरुष नर्मदेला नेले आणि अंशुलला बोलावलं. शाबास, नेताबाई."

 मी पत्र पिशवीत कोंबलं. मी म्हटलं, "आता काय करायचं?"

"बाजरीचं पीठ आण. जुनं नको, कडू लागतं."

चंपाषष्ठीच्या सकाळी फाटकावरच्या माणसाने माझी पिशवी तपासली. वांगी पाहिली, कांदे पाहिले. "ताई, ये अंदर नहीं जाएगा."

"तुम्हारे रसोईघर में नहीं जा रहा," मी म्हटलं. "कागज पर स्वयंपाकघर लिहिलंय. वाच." त्याने वाचलं नाही, सोडलं.

बस सातला सुटली होती, योगेंद्र पुढच्या सीटवर. मागे राहिले ते बसच्या पायऱ्या न चढणारे. नारायणराव. मार्तंडराव, औद्योगिक वसाहतीत पस्तीस वर्षं फिटर, मधुमेहाने डावा पाय गेलेला, चाकाच्या खुर्चीत. मोरोपंत, दोन्ही डोळ्यांनी अधू. आणि खातेगावकडचे एक शेतकरी, सगळे त्यांना पटेल बा म्हणत, कमरेतून काटकोनात वाकलेले. चार झाले.

मावशीने पाण्याच्या टाकीमागे तीन विटा मांडल्या होत्या. गोवऱ्या पेटवल्या. वांगी निखाऱ्यात गेली, रोडगे राखेत. धूर थेट कार्यालयाच्या खिडकीत. आतला कारकून बाहेर आला, बघून आत गेला, खिडकी लावून घेतली.

"चारच आहेत," मी म्हटलं. "पाचवी मी उचलते. बघू कोण काय म्हणतो."

"तू उचललीस तर खंडोबा काही म्हणायचा नाही," मावशी भरीत कालवत म्हणाली. "अंशुल म्हणेल. त्याला तेवढंच हवंय. बाईने उचलली, तळी झालीच नाही. मग भांडत बस त्याच्याशी कोर्टात वीस वर्षं."

मार्तंडराव खुर्चीतून म्हणाले, "भवानीबाई, मी देव मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

"तुम्हाला मानायला कोण सांगतंय? हात लावा. नाव तर खंडोबाचंच ठेवलंय तुमचं."

"ते वडिलांनी ठेवलं."

"मग वडिलांसाठी लावा."

पटेल बा वाकलेल्या अवस्थेतून मान वर करून म्हणाले, "बई, म्हारा पग नी चाले, हाथ तो चाले है. पण म्हूं ऊंचो कितरो करूंगा?"

"जितकं जमेल तितकं. देव खाली वाकून बघेल."

अकराच्या सुमारास फाटकातून पांढरी गाडी आली. अंशुल. हातात नवी कोरी लाकडी पेटी, आत लाल मखमल. देव न्यायलाच आला होता. नमस्कार केला, धुराकडे पाहिलं, चार म्हाताऱ्यांकडे पाहिलं, मनात मोजले. चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं.

"काकू, चारच आहेत."

"बघतेय मी. आंधळे मोरोपंत आहेत, मी नाही."

मोरोपंत खळखळून हसले.

"मग... मैं देव ले लूं?"

"घे ना. पण आज षष्ठी. नैवेद्य दाखवल्याशिवाय देव हलवतात का? थांब पाच मिनिटं. बूट काढ."

त्याने बूट काढले. मावशीने देवांपुढे रोडगा-भरीत ठेवलं, पाणी फिरवलं. मग ताम्हण उचलून त्या चौघांच्या मध्ये चौरंगावर ठेवलं. नारायणरावांनी पक्का हात लावला. मार्तंडरावांनी खुर्ची पुढे घेतली. पटेल बांनी खालून. मोरोपंतांचा हात मी धरून कडेला लावला. चार बाजूंनी ताम्हण धरलं गेलं, पाचवी बाजू अंशुलकडची, मोकळी.

आणि मावशी ओरडली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. शहात्तर वर्षांच्या बाईच्या छातीतून निघाला आणि टाकीवर आपटून परत आला. "बोल खंडेराव महाराज की...!"

"जय!" मार्तंडरावच सगळ्यांत मोठ्याने.

"येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" अंशुल ओरडला. त्याला कळायच्या आधी ओरडला. ताम्हण एका बाजूला कललं, पटेल बांची उंची कमी, खोबऱ्याची वाटी घसरली, आणि अंशुलने झटकन पुढे होऊन मोकळी कड धरली. दोन्ही हातांनी. त्या घरातलं पोर आहे ते. मांडीवर बसायच्या वयापासून त्याच्या बापाने त्याचा हात ताम्हणाला लावलेला. तळी कलताना बघत उभं राहणं त्या घरातल्या कोणाला जमायचं नाही. मावशीला ते माहीत होतं. मला नव्हतं.

एकदा वर गेलं. दोनदा. तिसऱ्यांदा अंशुलनेच सगळ्यांत उंच नेलं. भंडारा त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला.

ताम्हण खाली ठेवलं. अंशुलने आपल्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. मग मावशीकडे.

"काकू, ये चीटिंग है."

"कोणी तुझा हात धरला होता का?"

"गिर रहा था!"

"पडू द्यायचं होतंस. पाच पुरुष, तीन वेळा, षष्ठीच्या दिवशी. सांग, चुकलं कुठे?"

त्याने शर्टावरचा भंडारा झटकला. मी तोंड उघडणार होते, मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मिटलं. शेवटी तो म्हणाला, "रुची को क्या बोलूं? कपाट बनवलंय तिने."

"कपबश्या ठेव म्हणावं. छान दिसतील." आणि मग आवाज उतरवून, "बस. उपाशी जाऊ नकोस. तुझ्या काकांना असंच भरीत आवडायचं, कांदा जास्त."

तो जमिनीवर बसला, चांगल्या पँटनिशी. तीन रोडगे खाल्ले. निघताना पेटी तिथेच ठेवून गेला. मावशीने तिच्यात दाभणं ठेवली.

संध्याकाळी बस परतली. योगेंद्र पायऱ्या उतरतानाच थांबला, हवेत नाक वर केलं. लसूण लपत नाही. मावशी व्हरांड्यात बसून परतलेल्या पुरुषांच्या हातावर खोबरं आणि भंडारा ठेवत होती. त्याच्याही हातावर ठेवला. त्याने घेतला. देवाचा म्हणून घेतला, पण दुसऱ्या दिवशी ट्रस्टला कळवलं.

ट्रस्टचं पत्र आलं. नियमभंग, समज, पुढील वर्षी पुनरावृत्ती झाल्यास निवासाचा फेरविचार. मी पत्र हातात घेऊनच उठले. मला कलमं सुचायला लागली होती.

"बस खाली," मावशी म्हणाली. "मी सांगते, तू लिही. तुझं एक अक्षर घालायचं नाही."

तिने सांगितलं, मी लिहिलं. "अध्यक्षसाहेबांस नमस्कार. आमच्या घरी पुढल्या चंपाषष्ठीला तळी आहे. आपण यावे. येताना उपाशी यावे. भवानीबाई."

"आमच्या घरी?" मी विचारलं. "संस्थेच्या आवारात, असं लिहू का?"

"जे सांगितलं ते लिही."

अध्यक्ष आले नाहीत. फेरविचारही झाला नाही, झाला असेल तर आम्हाला कळवला नाही. पुढच्या मार्गशीर्षात नेमावरची बस पुन्हा आली. बारांपैकी अकरा पुरुषांनी त्या सकाळी पाय दुखत असल्याचं सांगितलं. मावशीने चूल टाकीमागून उचलली आणि कार्यालयाच्या दारासमोर मांडली.